काउंटरवरचं चांदीचं डाळिंब

दिवेआगरला जायचं ठरलं ते रिबेकामुळे. आम्ही दोघी ठाण्याच्या एकाच शाळेत शिकवायला होतो, ती गणिताला, मी इतिहासाला. तिचं मूळ गाव चौलजवळ, बेने इस्राएलांची, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंची, जुनी वस्ती. आधी दिवेआगरचा समुद्र, मग गावचं सिनेगॉग, म्हणजे त्यांचं प्रार्थनामंदिर, असा तिचा बेत होता. मंगळवारी पहाटे गाडी काढली. माणगाव-म्हसळामार्गे जाणार असाल तर पाच तास धरा आणि घाटातल्या वळणांवर पोट सांभाळा. बोर्ली पंचतनच्या बाजारात चहा घेतलात तर पुढचा रस्ता बरा जातो.

मुक्काम नारळी-पोफळीच्या वाडीतल्या एका घरगुती हॉटेलात. खोल्या स्वच्छ, जेवण फक्कड. रिबेकाला खवल्यांचाच मासा चालतो, म्हणून तिला सुरमई. मी कोळंबीही सोडली नाही. काउंटरवर मुठीएवढं चांदीचं डाळिंब ठेवलं होतं, काळवंडलेलं, खाली बारीक घंट्या. काही हवं असलं की ते हलवायचं. मी सोलकढीसाठी दोनदा हलवलं. हात धुऊन येणारी रिबेका जागीच थांबली.

"ते खाली ठेव," ती म्हणाली.

तोराचा ग्रंथ, म्हणजे त्यांच्या धर्मशास्त्राची गुंडाळी, लाकडी पेटीत उभी असते. त्या पेटीच्या माथ्यावर अशी डाळिंबांची जोडी बसवतात. चक्रीवादळात तिच्या गावच्या सिनेगॉगची कौलं उडाली, सामान हलवताना जोडीतलं एक हरवलं, ते हे, असं रिबेकाने सांगितलं. फार पूर्वी इस्राएल लोकांची पूजा तंबूत चालायची, तेव्हा मुख्य याजकाच्या झग्याच्या काठाला एक डाळिंब, एक घंटी अशी ओळ असायची. तो गाभाऱ्यात शिरला की आवाज बाहेर ऐकू यायचा. देवापुढे गुपचूप जायचं नाही, असा रिबेका त्याचा अर्थ लावते. पुढे तंबूच्या जागी मंदिर झालं, तेही पाडलं गेलं, याजक गेले, आणि त्यांची वस्त्रं-आभूषणं लोकांनी ग्रंथाला चढवली. बत्तीस वर्षं इतिहास शिकवून मला यातलं अक्षर ठाऊक नव्हतं. मी ताट बाजूला सारलं.

मालक नम्र होता, त्याचाच जास्त संताप आला. भंगारवाल्याकडून रीतसर घेतलंय, पाहुण्यांना जुन्या वस्तू आवडतात, फोटो काढतात, असं तो हसत हसत सांगत राहिला. शिवाय कशावरून तुमचं, हेही विचारलं. आपल्या देवघरातली घंटा कुणी चटणी मागायला वाजवली असती, तर याच माणसाने गाव गोळा केला असता. तसं मी त्याला तोंडावर सांगितलं.

रिबेका भांडली नाही. तिने ओल्या रुमालाला रांगोळी लावून डाळिंबाचा देठ घासला. खाली अक्षरं निघाली, हिब्रू नव्हे, चक्क मराठी. मी मालकाला ती मोठ्याने वाचायला लावली.

"आई लियाबाई हिच्या स्मरणार्थ," त्याने वाचलं. लियाबाई म्हणजे रिबेकाची पणजी. इतके पाहुणे ते वाजवून गेले आणि कुणी, माझ्यासकट, वाचलं नव्हतं.

तरी तो विकत घेतल्याचंच बोलत राहिला. स्वयंपाकघराच्या दारात त्याची आई उभी होती.

"त्यावर कुनाच्या आयशीचं नाव हाय ना?" ती म्हणाली. "मंग तू काय बोलतंस?" तिने डाळिंब पदराने पुसलं आणि रिबेकाच्या ओंजळीत ठेवलं.

बुधवारी दिघीहून गाडी फेरीबोटीने आगरदांड्याला उतरवली आणि मुरूड, काशीद करत चौल गाठलं. हा रस्ता फार देखणा आहे. मी रागातच होते, त्यामुळे वर्णन दुसऱ्या कुणाचं वाचा.

गुरुवारी सकाळी तोरा वाचतात. सिनेगॉगच्या वृद्ध राखणदाराने ग्रंथाचं कपाट उघडलं, डाळिंब जागेवर बसवलं आणि कपाट पुन्हा लावून घेतलं. मी चकित झाले. ग्रंथ बाहेर काढून वाचायला दहा पुरुष लागतात, आणि त्या सकाळी चार होते. बाकीची घरं कधीच इस्राएलला किंवा मुंबईला गेली. आम्हा दोघींना धरून सहा तरी मोजा, असं मी म्हटलं. वर हेही ऐकवलं, की हॉटेलात निदान वाजत तरी होतं.

"मलाही राग येतो," रिबेका म्हणाली. "पण सोलकढीसाठी वाजण्यापेक्षा ते गप्प बसलेलं मला चालेल."

घरी येऊन पंधरा दिवस झाले. सहलीचे फोटो मी अजून कुणाला पाठवलेले नाहीत. कोकणात कुठल्या काउंटरवर जुनी वस्तू दिसली, तर हात लावण्याआधी तिच्यावर काय लिहिलंय ते वाचा, एवढंच माझं सांगणं.

रिबेका रोज संध्याकाळी वही घेऊन बसते आणि ठाणे, पनवेल, अलिबाग इथल्या नातेवाइकांना फोन करते. कुणाचे गुडघे दुखतात, कुणाला रजा नाही. काल रात्री तिचा निरोप आला: पुढच्या महिन्यातल्या एका गुरुवारसाठी गावचे चार धरून सात जण तयार झालेत, अजून तीन हवेत.