पालखीची वाट आणि गाडीची रुंदी

हल्ली ओळखीतलं कुणी गाडी घ्यायला निघालं की मला फोन करतं. एकाच गाडीच्या तिन्ही पिढ्या मी चालवून पाहिल्या आहेत आणि त्यातल्या दोन आमच्या दारात उभ्या राहिल्या, एवढ्या भांडवलावर मी जाणकार ठरले आहे. जुनी मिळतेय ती घेऊ, मधली घेऊ की नवी, असं विचारतात. सुरुवातीला मी हौसेने सांगायचे, आता कंटाळा येतो. लोकांना उत्तर नको असतं, त्यांनी मनात ठरवलेल्या गाडीला माझा होकार हवा असतो. तरी एकदा लिहून ठेवते. पुढचा फोन आला की हेच पाठवून देईन.

गाडीचं नाव लिहीत नाही. आकाराने आटोपशीर, बांध्याने उंच, पाच माणसं आणि आंब्याच्या दोन पेट्या घेऊन घाट चढणारी, दर तिसऱ्या घरासमोर दिसते ती. एवढ्यावर कुणीही ओळखेल.

पहिल्या पिढीतली आम्ही घेतली तेव्हा आई होती. चौकोनी, सरळसोट गाडी, खोक्याला चाकं लावल्यासारखी. क्लच इतका जड, की शनिवारी बाजार करून आले की माझा डावा गुडघा दुखायचा. खड्डा आला की गाडीच्या आधी आपल्या मणक्याला कळायचं. समुद्राच्या हवेने दारांच्या कडा आतून खाल्ल्या, एसी दर उन्हाळ्यात रुसायचा आणि एअरबॅग नावाची वस्तू तिच्यात नव्हतीच. पण तिची सीट बाबांच्या कमरेच्या बरोबर उंचीवर होती. नुसतं पाठमोरं होऊन टेकायचं आणि मग पाय आत घ्यायचे. गाडी घेताना हे कुणी बघत नाही. घरात म्हातारं माणूस असलं की वर्षभरात कळतं.

बाबांचं खुब्याचं हाड मोडलं ते बाथरूमच्या उंबऱ्यात. ऑपरेशन झालं, आत सळी बसली, वॉकर आला. मिरजोळ्याच्या एमआयडीसीत माझी नोकरी, त्यामुळे सकाळी बाबांचं आवरून पळायचं, दुपारी फोनवरून गोळ्यांची आठवण करायची, संध्याकाळी परत सगळं तेच. भाऊ पुण्याला असतो. तो मायेचा आहे, नाही असं नाही, पण त्याची माया व्हिडिओ कॉलवरून येते आणि कॉल ठेवला की जाते.

फिजिओथेरपीवाल्या मुलीने पलंगाच्या कडेला बसून पाय वर करायचा व्यायाम सांगितला होता. बाबा तो ती समोर असेपर्यंत करायचे. ती गेली की पाय खाली. पुढच्या कुठल्याही गोष्टीचा विषय निघाला, की पुढचं कोण बघायला बसलंय, एवढंच बोलायचे. शिमगा मात्र त्यांच्या बोलण्यात रोज असायचा.

आमचं गाव देवरुखाच्या पुढे. शिमग्यात ग्रामदेवीची पालखी घरोघर येते आणि आमच्याकडे रीत अशी, की घरातल्या थोरल्या पुरुषाने दारात उभं राहून तिला सामोरं जायचं. बाबांनी नोकरीत असताना रजा नाही मिळाली तर बिनपगारी घेतली, पण दार सोडलं नाही. हाड मोडलं त्या वर्षी ते इकडे सोसायटीतल्या घरात आडवे होते आणि नारळ घेऊन गावच्या दारात मी उभी राहिले. पालखी आली, नाचली, घराच्या भल्यासाठी देवीला गाऱ्हाणं घालून झालं. परत इकडे आल्यावर त्यांनी कोण कोण आलं होतं ते विचारलं, आणि थोड्या वेळाने, माझ्याबद्दल कुणी विचारलं का, असं विचारलं. सगळ्यांनी विचारलं होतं. मी तसं सांगितलं, तरी त्यांचा विश्वास बसलेला दिसला नाही. येणाऱ्या शिमग्याला त्यांना स्वतःच्या दारात उभं राहायचं होतं. नवी गाडी आली ती या एका गोष्टीसाठी. जुन्या गाडीत देवरुखापर्यंतचे हादरे त्यांच्या सळीला सोसणारे नव्हते.

मग भावाने संशोधन सुरू केलं. रोज दोन-तीन व्हिडिओ यायचे. टोपी घातलेला एक मुलगा हात हलवत सांगायचा, की या पिढीत बूट म्हणजे डिकी वाढलीय, त्या पिढीत मायलेज घटलंय, सनरूफ आता मोठं झालंय. माझे कान किटले. गाडी चालवणार मी, बसणार बाबा, आणि वाद भावाचा त्या टोपीवाल्याशी.

मधल्या पिढीतली एक वापरलेली गाडी लांज्याला होती. मी एकटीच बघून आले. खरं सांगते, तिन्हींत चालवायला मला तीच आवडली. स्टिअरिंग बोटाने फिरतं, क्लच हलका, अंगाने फार सुटलेली नाही. पण तिला देखणी करण्याच्या नादात छप्पर मागे उतरतं केलेलं आणि सीट खाली नेलेली. बाबांना नेऊन बसवलं तर बसताना डोकं आपटलं, आणि उठताना मी आणि तो विकणारा दोघं घामाघूम झालो. तिचा विषय तिथेच संपला. तरुण माणसाने घ्यायची असेल तर जरूर घ्यावी.

नवी पिढी बघायला शोरूमला गेलो. विक्रेत्याने मला, सर येणार आहेत का, असं विचारलं. सर पुण्याहून फोनवर आहेत म्हटल्यावर तो सगळी माहिती फोनला देत बसला. सीट उंचीला बरी होती, जुनीइतकी नाही, पण बाबांना जमली. आतून प्रशस्त, कॅमेरे चहूबाजूंनी, एअरबॅगा पुढे, बाजूला, सगळीकडे. वाढीव वॉरंटीबद्दल त्याने विचारलं तेव्हा बाबा म्हणाले की तेवढी वर्षं कोण बघायला बसलंय. विक्रेता हसला. मला हसू आलं नाही.

मोजमापात आम्ही काही कमी केलं नाही, हे मुद्दाम लिहिते. सोसायटीतली पार्किंगची जागा टेप लावून मोजली. फाटक मोजलं. चाचणीला म्हणून मी गाडी घाटाच्या दोन वळणांवर नेऊन आणली. गावच्या वाटेचा विषय निघाला तेव्हा भावाने विचारलं होतं, ही रुंद आहे, आत जाईल ना? त्यावर बाबा म्हणाले की जिथून देवीची पालखी जाते तिथून गाडी जाणार नाही तर काय. हे इतकं सरळ वाटलं, की मीही मान हलवली. आमच्याकडे कुठलीही वाट अशीच मोजतात. पालखीची वाट म्हटलं की ती पुरेशी, तिला टेप लावत नाहीत. शिवाय जुनी गाडी आरसे मिटून जायची. नवी त्याच गाडीची पुढची पिढी. नाव तेच, मग अंग कितीसं वाढणार?

जुनी एक्स्चेंजमध्ये गेली. तिला नेताना मी बाल्कनीत गेले नाही.

ती वाट अशी आहे. डांबरी रस्ता सोडला की डाव्या हाताला जांभ्याचा कातळ, उजव्या हाताला चुलत घराचा गडगा, म्हणजे दगडांवर दगड रचून, मधे माती भरून केलेली कमरेएवढी भिंत. दोन्हींच्या मधून चढण, आणि वर आमचं अंगण. हाक मारली तर घरात ऐकू जाते, पण वॉकर घेऊन चढता येत नाही. हा गडगा वाटेत वीतभर पुढे सरकवलेला आहे, असं बाबांचं तरुणपणापासूनचं म्हणणं. मोजणी झाली, अर्ज झाले, काकांशी बोलणं तुटलं. काका वारले, तरी ते तसंच राहिलं. काकांचा मुलगा माझ्याहून थोडा मोठा. लहानपणी आम्ही एका झाडाचे आंबे पाडले, आणि नंतर कित्येक वर्षं पालखीपुढे शेजारी उभे राहूनही एकमेकांशी बोललो नाही. गडग्यावरच्या एका दगडाला कुणी हात लावला असता तरी दोन्ही घरं पुन्हा कचेरीत गेली असती.

शिमग्याला सकाळी निघालो. नव्या गाडीचं एक कौतुक करायलाच हवं, बाबा देवरूख येईपर्यंत झोपले. हाड मोडल्यापासून ते गाडीत कधी झोपले नव्हते. मला वाटलं, चला, सगळ्या वैतागाचं चीज झालं.

वाटेच्या तोंडाशी आले आणि गाडी ओरडायला लागली. ती तशी कशालाही ओरडते, म्हशीला, कुंपणाला, पुढे जाणाऱ्या रिक्षाला. मी आरसे मिटले आणि पुढे घेतली. मग दोन्ही बाजूंनी एकदमच ओरडली. उतरून पाहिलं. डावीकडे कातळ टायरला टेकलेला, उजवीकडे गडगा दाराच्या पत्र्याला. वाट वीतभर कमी पडत होती, आणि वीतभर म्हणजे नेमकी तीच वीत. भावाला फोन लावला तर म्हणाला, कॅमेऱ्यात बघून हळूहळू घाल. मी फोन ठेवला. गाडी मागे घेऊन रस्त्याच्या कडेला लावली आणि स्टिअरिंगवर हात टाकून बसले. रडावंसं वाटत होतं, पण दमल्यामुळे रडूही येईना. वरच्या वाडीत ढोल वाजत होता. तिथली घरं झाली की पालखी आमच्याकडे येणार होती.

वाडीतले चौघे जण जमले. त्यांनी प्लास्टिकची खुर्ची आणली. बाबांना खुर्चीत बसवून चौघं उचलून नेऊ, काय मोठं ओझं आहे, असं ते चांगल्या मनानेच म्हणत होते. बाबांनी खुर्चीकडे पाहिलं, मग त्या चौघांकडे.

"चौघांनी उचलायची वेळ येईल तेवा उचला," ते म्हणाले. "आज नको."

खुर्ची तिथेच राहिली. मग बाबा मला म्हणाले की तू वर जा, दार उघड, नारळ घे, मी इथे बसतो. ते इतकं शांतपणे म्हणाले, की मला त्यांचा राग आला, भावाचा आला, त्या टोपीवाल्या मुलाचाही आला. ज्या एका गोष्टीसाठी एवढी यातायात केली ती हाकेच्या अंतरावर होती आणि हुकणार होती.

तेवढ्यात गडग्याच्या पलीकडून चुलतभाऊ आला. शिमग्याचा कोरा सदरा अंगात होता. त्याने गाडीकडे पाहिलं, वाटेकडे पाहिलं, आणि काही न विचारता सदऱ्याच्या बाह्या वर करून गडग्याचा वरचा दगड उचलून आपल्या बागेत ठेवला. मग दुसरा. ते चौघे नुसते बघत राहिले, कारण या गडग्याचा इतिहास त्यांना पाठ होता. बाबांनी काच खाली केली.

"ऱ्हावंदे," ते म्हणाले. "तुजा गडगा हाय तो."

उभ्या आयुष्यात हे वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. काकांनी ते ऐकण्यासाठी काय वाटेल ते दिलं असतं.

चुलतभावाने हातातला दगड परत गडग्यावर ठेवला नाही, बागेत टाकला. "माजा हाय म्हणूनच काढतोय," तो म्हणाला, आणि पुढच्या दगडाला वाकला.

मग ते चौघेही लागले. मधली माती ढासळली, सदरा लाल झाला. मी गाडी आत घेतली. ती सारखी ओरडत होती, मी तिचं ऐकलं नाही. डाव्या दाराला कातळाचा लांब ओरखडा उठला, तो अजून आहे. बाबा दारात उभे राहिले, एक हात खांबाला, एक हात वॉकरला, नारळ माझ्याकडे. पालखी आली तेव्हा आमची चूक मला डोळ्यांनी दिसली. पालखी खांद्यावरून येते. वाटेत असतात ती फक्त माणसांची पावलं, आणि पालखीचं सगळं अंग गडग्याच्या वरून मोकळं जातं. पिढ्यान्‌पिढ्या ती अशीच गेली आणि आम्ही वाट रुंद समजत राहिलो.

गाऱ्हाण्यात बाबांचं नाव घेतलं गेलं तेव्हा त्यांनी मान खाली घातली. मला समाधान वाटलं, आणि त्याहून जास्त झोप आली. चुलतभावाला मी चहाला बोलावलं. हात धुवायचे आहेत म्हणून तो गेला, परत आला नाही. एवढ्या वर्षांचं एका चहात कसं मिटणार?

म्हणून फोन करणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच. पहिली पिढी बसायला सोपी, मधली चालवायला, नवी झोपायला. कुठलीही घ्या, पण प्रत्येक पिढी आधीच्यापेक्षा अंगाने सुटत जाते हे ध्यानात ठेवा आणि शोरूमला जाण्याआधी आपल्या घराची वाट खालून मोजा.

शिमग्यानंतर चार-सहा दिवसांनी अनोळखी नंबरवरून फोन आला. चुलतभाऊ होता. आमचा नंबर त्याने कुणाकडून तरी मिळवला होता. गडगा परत लावला, त्याच जागेवर, असं त्याने सांगितलं. मग म्हणाला की वाटेकडचा तेवढा तुकडा सुटा ठेवलाय, मधे माती भरली नाही, दगड नुसते रचलेत. काढायला सोपे. बरं म्हणून मी फोन ठेवला.

बाबा पलंगावर पडून होते. मी त्यांना सांगितलं. ते छताकडे बघत राहिले. त्याच जाग्यावर ना, असं एकदा विचारलं. मी हो म्हटलं.

"म्हंजे पुढच्या शिमग्याला जावा लागंल," ते म्हणाले, एखादं काम अंगावर पडल्यासारखं.

मग कुशीवर वळून त्यांनी पाय खाली सोडले, पलंगाच्या कडेला बसले, आणि मी समोर उभी असताना, कुणी सांगितलेलं नसताना, दुखरा पाय हळूहळू वर उचलायला लागले.