डेपोमास्तरांची निळी भिंत

इंजिनियरबाई बस डेपोत पहिल्यांदा आल्या तेव्हा भूकंप, वादळ आणि वरिष्ठांची तपासणी एकदमच झाली, असं डेपोमास्तर शपथेवर सांगत. खरं म्हणजे बाई जेमतेम तिकीटखिडकीएवढ्या उंच. पण त्यांनी मास्तरांच्या खोलीत शिडी लावली, सरसर वर चढल्या आणि मास्तरांच्या डोक्याच्याही वर भिंतीवर निळी आडवी रेघ ओढली.

"हे काय?"

"पुराचं पाणी. इथवर येऊ शकतं."

"कधी?"

"पुढेमागे. नक्की दिवस नाही सांगता येत."

"मग गाडी लेट आहे म्हणा की!"

बाईंचं कामच ते. हवामान बदलतंय, पाऊस पूर्वीसारखा बेतानं पडत नाही. तेव्हा कुठला रस्ता, कुठला पूल, कुठला डेपो आधी बुडेल हे ठरवायचं. नदीकाठचा हा डेपो टेकडीपलीकडे हलवावा, असं त्यांचं मत.

मास्तर खिडकीला पाठ लावून उभे राहिले. काळजी पाण्याची नव्हती, खिडकीची होती. खिडकीतून नदीपल्याडची त्यांची गच्ची दिसे. रोज दुपारी बायको तिथून टॉवेल हलवी आणि मास्तर इकडून रुमाल. लग्नाला इतकी वर्षं होऊनही! ड्रायव्हर मंडळी गालात हसत.

"पाणी आजवर पायरी चढलेलं नाही, बाई!"

"ती पायरी जुन्या पावसाची, मास्तर. नव्या पावसाला ती कोण दाखवणार?"

मोठे साहेब त्या रेघेची पाहणी करायला यायच्या आधी मास्तरांनी नामी शक्कल लढवली. रेघ पुसावी तर चोरी उघडी पडणार. म्हणून त्यांनी जमिनीपासून छतापर्यंत अख्खी भिंतच निळी रंगवून घेतली. शोधा आता रेघ!

साहेब आत आले आणि आ वासून उभे राहिले. "बापरे! एवढं पाणी?"

बाईंनी हसू दाबलं. "मी कमीच धरलं होतं, साहेब. मास्तरांचा अनुभव दांडगा."

डेपो हलवायचा हुकूम तिथल्या तिथे सुटला.

शेवटच्या दुपारी मास्तरांनी इतका जोरजोरात रुमाल हलवला की तो इशारा समजून दोन बस वेळेआधीच सुटल्या. घरी येऊन ते म्हणाले, "उद्यापासून तुझा टॉवेल दिसायचा नाही गं."

"कुठला टॉवेल?"

"रोज दुपारी मला बघून हलवायचीस तो!"

"अहो, मी तो झटकायचे, वाळत घालताना. चष्म्याशिवाय मला नदीसुद्धा धड दिसत नाही."

डेपो टेकडीपलीकडे गेला. टॉवेल गच्चीवरच वाळतात.