अख्खा कांदा

ओट्याशी उभ्या असलेल्या बायकोच्या डोळ्यांत पाणी दिसलं. "काय झालं गं?" विचारलं, तर म्हणाली, "काही नाही, कांदा."

जन्मभर शाळेत पेशी शिकवलेल्या माणसाला कांद्याचं निमित्त सांगून चालत नाही. कांद्याच्या पेशीत पडद्याने बंद केलेली एक रिक्तिका, इवलीशी पोकळी, असते. तिच्यात एक विकर, म्हणजे एन्झाइम, कोंडलेलं असतं आणि बाहेर पेशीद्रवात गंधकाचा एक पदार्थ. दोघं शेजारी राहतात, पण भेटत नाहीत. सुरी पडदा फाडते तेव्हाच ती एकत्र येतात आणि डोळे झोंबतात.

मी वाकून पाहिलं. कांदा सोललेलासुद्धा नव्हता. सुरी कोरडी होती. शेजारी फोन मात्र पालथा ठेवलेला.

कुणाचा फोन होता? माहेरचा? मुलाचा? की माझ्याचबद्दल काही? प्रश्न ओठांवर आला होता, तो गिळला. आमचं इतक्या वर्षांचं घरही अशाच एखाद्या पातळ पडद्यावर टिकलं असावं.

"दे इकडे, मी चिरतो," म्हटलं. पहिल्याच कापाला माझे डोळे भरून आले.

तिने माझ्याकडे निरखून पाहिलं.

"कांदाच ना?"