पुढचं टोक, मागचं टोक

काकांच्या लेखी जगात दोन प्रकारची माणसं होती: ज्यांना कापता येतं ती आणि बाकीची. पहिल्या प्रकारात ते एकटेच होते.

वैद्यकीय कॉलेजच्या तळघरात दान आलेल्या देहांचे गुडघे उघडायचे, आतली गादी काढायची आणि तिचे पातळ काप करून दाबयंत्राखाली द्यायचे, हे त्यांचं सव्वीस वर्षांचं काम. डॉक्टर त्या गादीला मेनिस्कस म्हणत. म्हणोत बापडे. गुडघ्यात अशा दोन गाद्या असतात, एक आतल्या अंगाला, एक बाहेरच्या. कडेला जाड, मध्याकडे पातळ. धागे कडेकडेने गेलेले, त्यामुळे लांबीत ओढली तर दाद देत नाही, आडवी ओढली की टरकन फाटते. पुढचं टोक दाबाला ताठ, मागचं मऊ. हे काकांना ठाऊक आणि विभागाच्या साहेबांना नाही, यावर काकांची निम्मी करमणूक चालायची.

साहेब कृत्रिम गादी बनवत होते आणि त्यांना अख्ख्या गादीच्या ताठपणाचा एकच आकडा हवा होता. "गुडघा म्हणजे रबरी चप्पल वाटते याला," असं काका डबा उघडता उघडता शिपायाला ऐकवत.

एका सकाळी साहेबांनी टेबलावर तक्ता आपटला. "मागच्या टोकाचे आकडे दर वेळी मऊ. तिथवर पोचेपर्यंत तुमची सुरी बोथट होते, धागे चेंगरतात. हे आकडे मी काढून टाकतोय. एक तारखेला कापायचं यंत्र येतंय, तुम्ही भांडारात बसा."

"आकडे जुळेनात तर सुरी वाकडी!" काका उसळले. "गादीच तशी आहे, साहेब. दहा गुडघे द्या. मागचं टोक आधी कापतो, नव्या पात्याने. तरी मऊच आलं तर?"

"तर कापायचं टेबल तुमचंच."

काकांनी मुद्दाम बाहेरच्या गाद्या घेतल्या. आतल्या गादीची टोकं शेंबडं पोरही ओळखेल. बाहेरची जवळजवळ गोल, दोन्ही टोकं सारखी. मदतीला विभागात संशोधन करणारी एक मुलगी होती. ती म्हणाली, "काका, बाहेर काढण्याआधी पुढच्या टोकाला एक टाका घालूया का? हातात आल्यावर गोंधळ होतो."

"तुझा होतो. टाके गोधडीला घालतात, बाळ. मला बोटं आहेत."

काका बोटांनी चाचपून टोकांना 'पुढचं', 'मागचं' अशा चिठ्ठ्या लावत गेले आणि ती उघडलेल्या प्रत्येक गुडघ्याचा फोटो काढत राहिली. "लग्नाचे असल्यासारखे काढतेय," काका शिपायाला म्हणाले.

निकाल आला. सात गाद्यांत मागचं टोक मऊ, तीनमध्ये पुढचं. साहेब सगळ्यांदेखत हसले. काकांच्या तोंडचं पाणी पळालं.

संध्याकाळी मुलीने फोटो समोर ठेवले. गुडघ्यात असतानाच्या गादीच्या कडेवरच्या खुणा कापांशी जुळवून दाखवत ती हळूच म्हणाली, "या तिन्ही तुम्ही उलट्या धरल्यात. चिठ्ठ्या बदलल्या की दहाच्या दहा जमतात. तुमची सुरी चांगलीच आहे, काका."

काकांनी आधी फोटोला नावं ठेवली, मग कॅमेऱ्याला, मग हल्लीच्या शिक्षणाला. फोटो मात्र काही बदलले नाहीत. गप्प राहावं तर मागच्या टोकाचे आकडे कायमचे जाणार, आणि उद्या कुणाच्या तरी गुडघ्यात साहेबांची चप्पल बसणार. बोलावं तर सव्वीस वर्षं मिरवलेली बोटं खोटी ठरणार.

"मी सांगू का? तुमचं नाव न घेता?" मुलीने विचारलं.

त्या शब्दांनी काकांचं डोकंच फिरलं. या पोरीने आपली कीव करावी! ते तडक साहेबांच्या खोलीत गेले. आत विद्यार्थी बसले होते, तरी थांबले नाहीत.

"तीन गाद्या मी उलट्या धरल्या," ते म्हणाले. "बोटं चुकली. पोरगी टाका घालूया म्हणत होती, मी ऐकलं नाही. चिठ्ठ्या बदला, दहाही जमतात. मागचं टोक मऊच आहे."

साहेबांनी फोटो पाहिले, पुन्हा पाहिले. मग चरफडत तक्त्यावर मधोमध रेघ मारली आणि पुढचे-मागचे आकडे वेगळे लिहिले.

"मग टेबल?" काकांनी विचारलं.

"गादीबद्दल तुमचं बरोबर होतं," साहेब मान वर न करता म्हणाले. "पण ज्याला पुढचं-मागचं कळत नाही आणि विचारायची लाज वाटते, त्याच्या हातात मी सुरी देणार नाही."

सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच साहेब बरोबर बोलले होते, आणि काकांना सगळ्यात जास्त राग त्याचाच आला.