मित्सुएसानची चाळिसावी कविता

चौऱ्याण्णवच्या जूनमध्ये मी दुबईला निघाले, तेव्हा निरोप द्यायला आई जिन्याच्या खाली आली होती. टॅक्सीत सामान चढत होतं. तिने माझ्या कडेवरच्या मुक्ताची टोपी सारखी केली आणि मला बजावलं, "परक्या मुलखात चालली आहेस. कुणी पुढ्यात काही ठेवलं तर छान म्हणावं. नावं ठेवायची नाहीत." शरद, माझा नवरा, सहा महिने आधीच दुबईच्या जबल अली भागातल्या नोकरीवर रुजू झाला होता. मी मराठीत एम.ए. केलेली, कॉलेजच्या ग्रंथालयातली नोकरी नुकतीच सोडलेली. आपण काय मागे ठेवतो आहोत आणि काय काय आपली वाट पाहत राहील याची यादी मी विमानात मनातल्या मनात करत होते. ती चुकीची होती, हे कळायला सहा वर्षं लागली.

मित्सुएसान आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये आल्या त्या सत्त्याण्णवमध्ये. उत्तर जपानमधलं एक मासेमारीचं गाव हे त्यांचं माहेर. कॉलेजात त्या फ्रेंच शिकल्या, स्वतःच्या कवितांची दोन पुस्तकं काढली. नवऱ्यामागून दुबईला आल्यावर त्यांची कविता थांबली. मग त्यांनी एका फ्रेंच कवयित्रीच्या चाळीस कविता जपानीत आणायला घेतल्या. "स्वतःचं सुचत नाही, म्हणून शेजारणीचं घर झाडते," असं त्या म्हणाल्या. आम्ही इंग्रजीत बोलत असू, त्यांचं मोडकं आणि माझं पुस्तकी. इथे मी ते मराठीत लिहिते आहे.

त्यांची कामाची रीत मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. मंगळवारी सकाळी शरदची कंपनी बस आणि मुक्ताची ऊद मेथातल्या शाळेची बस गेली, की मी समोर जायची. त्या आपल्या जपानी कवितेची एकेक ओळ मला इंग्रजीत सांगायच्या. मी ती तिथल्या तिथे मराठीत म्हणायची. मराठीचं अक्षरही त्यांना कळत नव्हतं. त्या फक्त ऐकायच्या, हातात पेन्सिल धरून. मी जिथे अडखळले, तिथे त्यांच्या कागदावर एक बारीक रेघ पडायची. "तू अडलीस म्हणजे माझी ओळ खोटी आहे," हा त्यांचा नियम. कधीकधी एका रेघेवर त्या महिना घालवायच्या.

शरदला याची फार गंमत वाटायची. "फ्रेंच, जपानी, इंग्लिश, मराठी. वॉचमनलाही बोलवा, अरबी तेवढी राहिली!" मुक्ता दप्तर टाकत विचारायची, "आई, डज शी पे यू?" मी म्हणायची, "चहा देते." पण खरं सांगायचं तर त्या मंगळवारांनी मला माझी भाषा परत दिली. आठवडाभर मी 'पार्किंग मिळालं का' आणि 'खलास, उद्या बघू' एवढ्यावर भागवत होते. मंगळवारी मला पूर्ण, खरी मराठी वाक्यं करावी लागायची.

दोन हजार साली, एकोणचाळीस कविता झाल्यावर, त्यांना कर्करोगाचं निदान झालं. उपचारासाठी जपानला परतायचं ठरलं. निघायच्या आदल्या दिवशी घरभर खोकी होती, आणि त्या डोक्याला रुमाल बांधून चाळिसावी कविता घेऊन बसल्या होत्या. एक बाई घर बंद करून निघते, एवढीच ती कविता. शेवटची ओळ त्यांनी सांगितली, "मी निघते. घर माझी वाट पाहतं."

माझी जीभ अडत होती. मला ते पटत नव्हतं. पण समोर आजारी बाई, थकलेली, आशेने बघणारी. मी न थांबता, गोड आवाजात ओळ म्हटली आणि वर म्हणाले, "छान झाली आहे." त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "झालं," म्हणाल्या आणि हसल्या.

आजाऱ्याला बरं वाटावं म्हणून आपल्याकडे कुणीही असंच बोललं असतं. पण तीन वर्षं त्यांनी माझ्या अडखळण्यावर विश्वास ठेवला होता, आणि नेमक्या शेवटच्या ओळीला मी त्यांना फसवलं होतं. पुस्तक छापायला जाणार होतं. तीन आठवडे मी गप्प राहिले. शेवटी शरदच म्हणाला, "अगं, फोन कर ना! त्या आहेत तोवर सांगशील की नंतर मला सांगत बसशील?"

मी हॉस्पिटलच्या खोलीत फोन लावला. "मित्सुएसान, शेवटच्या ओळीला मी अडले होते. तुम्हाला दाखवलं नाही."

"का अडलीस?"

"घर वाट पाहत नाही. पुण्यातल्या माझ्या खोलीत आता भावाच्या मुलींची टेबलं आहेत. ते घर माझ्यावाचून नीट चाललं आहे."

त्यांचा आवाज अगदी कामाचा झाला. "फ्रेंचमध्ये वाट पाहणं नाहीच. तिथे नुसतं आहे, घर राहतं. वाट मी घातली. मला हवी होती म्हणून." मग त्या नवऱ्याशी जपानीत काही बोलल्या आणि मला म्हणाल्या, "पेन्सिल मिळाली. म्हण आता."

मी म्हटलं, "मी निघते. घर राहतं."

"अडली नाहीस," त्या म्हणाल्या. "आता छान. यल्ला, चल, फोन ठेव, मला लिहायचं आहे."

पुढच्या वसंतात त्या गेल्या. पुस्तक त्यांच्या नवऱ्याने पाठवलं. त्यातलं एक अक्षर मला वाचता येत नाही, आणि त्यातल्या प्रत्येक ओळीवर मी पुरेसा वेळ थांबले आहे. त्यांची आठवण येते तेव्हा रडू येतं, पण त्या फोनबद्दल कसलीही रुखरुख नाही.

हे लिहिते आहे ते मागे राहिलेल्या तुम्हा सगळ्यांसाठी, आणि माझ्यासारख्या निघून आलेल्यांसाठीही. या सुट्टीत मी पुण्याला पोचले तेव्हा भाऊ ओशाळून दारातच म्हणाला, "ताई, तुझी खोली आजच रिकामी करून देतो." आतून भाच्या वैतागल्या, "बाबा, उद्या पेपर आहे!"

मी बॅग हॉलमध्ये टेकवली आणि त्यांना म्हटलं, "बसा गं, अभ्यास करा. मी इथे आहे." मग आत जाऊन सगळ्यांसाठी चहाचं आधण ठेवलं. साखरेचा डबा कुठे ठेवतात, ते मात्र वहिनीला विचारावं लागलं.