बाबांच्या फोनवर आलेला ओटीपी

“चार! सात! सात! शून्य! अरे बंटी, लिहितोयस की नाही? पुढचं नऊ आहे का शून्य… थांब, चष्मा आणतो!”

आमचे बाबा तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत उभे राहून माझ्या खासगी आयुष्याचा गुप्त आकडा सगळ्या कॉलनीला सांगत होते. रविवार, सकाळचे साडेनऊ. या वेळेला इंदूरमध्ये कोणी झोपलेलं नसतं आणि कोणी कामातही नसतं. सगळे पोह्याच्या ठेल्यावर असतात. मीही तिथेच होतो, आणि माझ्याभोवती कमीत कमी चाळीस माणसं (बाबा म्हणतात बारा, पण बाबांकडे तेव्हा चष्मा नव्हता). सगळ्यांचे चमचे हवेत थांबले.

ओटीपीच्या मेसेजच्या शेवटी एक ओळ असते, की हा आकडा कोणालाही सांगू नका. चष्मा लावून आल्यावर बाबांनी तीही वाचली. त्याच आवाजात. मग म्हणाले, “आणि वरती लिहिलंय डेटिंग प्रीमियम. हेच पाहिजे होतं ना तुला?”

मी एकोणचाळीस वर्षांचा आहे. पलासिया भागातल्या एका कोचिंग क्लासमध्ये गणित शिकवतो. मुलं मला घाबरतात. पण माझं बँकेचं खातं मी पाचवीत असताना बाबांनी उघडलेलं, आणि त्याला नंबर आजही बाबांचाच आहे. बदलायचा तर फॉर्मवर बाबांची सही लागते. सही मागितली की बाबा विचारतात, “का?” या ‘का’चं उत्तर मला गेल्या वीस वर्षांत सुचलेलं नाही. त्यामुळे मी काहीही विकत घेतलं, अगदी बनियान जरी, तरी आकडा बाबांकडे जातो आणि बाबा तो मी जिथे असेन तिथे ओरडून पोचवतात.

एरवी मी हा धोका पत्करलाच नसता. पण त्या डेटिंग साइटवर पाच महिने फुकटात बसल्यावर पहिल्यांदाच कोणीतरी मला निरोप पाठवला होता. फुकट्यांना फोटो धूसर दिसतो, पावसाळ्यात एसटीच्या काचेतून दिसावा तसा. निरोपाचे पहिले तीन शब्द तेवढे वाचता येतात. ते शब्द होते, “तुम्ही खरंच रोज…” पुढचं पैसे भरल्यावर. आणि खाली लाल अक्षरात, हा निरोप दुपारी बारा वाजता नाहीसा होईल.

तुम्ही खरंच रोज काय? माझ्या माहितीत मी लिहिलं होतं की मी रोज सकाळी पाच किलोमीटर धावतो. आता हे काही अगदी खोटं नाही. मी रोज सकाळी बाहेर पडतो एवढं खरं आहे. पण तिने ‘खरंच’ लिहिलं होतं. ‘खरंच’ हा शब्द मी विद्यार्थ्यांपुढे कधी वापरतो ते मला माहीत आहे. आणि फोटोखाली अंतर होतं, एक किलोमीटरच्या आत.

शनिवारपासून मी हिशोब करत होतो. बाई खरी असली आणि मी उत्तर दिलं नाही, तर ती समजणार की माणूस खोटारडा आहे. आणि पैसे भरून कळलं की बाई खोटी आहे, तर मी मूर्ख. यात शहाणा ठरण्याची शक्यता शून्य येत होती. दोनदा काढून पाहिली.

पहिला ओटीपी बाबांचा चष्मा सापडेपर्यंत मुदत संपून मेला. मी वर धावलो (त्या दिवशी खरंच धावलो, तीन मजले). दारात आई उभी.

“डेटिंग मतलब?” आई म्हणाली. “आणि आम्हाला सांगितलं नाहीस?”

“सांगितलं ना बाबांनी. सगळ्यांनाच.”

“दाखव तर.”

तिने फोन घेतला, लांब धरला, मग जवळ धरला, आणि त्या धूसर डागाकडे बघून म्हणाली, “चेहऱ्याची ठेवण घरंदाज आहे.”

“आई, तिथे चेहरा नाहीये.”

“एक किलोमीटरच्या आत म्हणजे आपल्याच बाजूची कोणी. ती डेंटिस्टीण असेल का रे? नाही, तिचं जमलं.” आणि ती गॅलरीत जाऊन समोरच्या इमारतीच्या खिडक्या डावीकडून उजवीकडे तपासायला लागली.

तेवढ्यात खालच्या मजल्यावरचे भंडारी भिया (इंदुरात भैयाचा भिया होतो) वर आले. त्यांचं नमकीनचं दुकान आहे, आणि जगातल्या कुठल्याही खरेदीवर त्यांचं मत असतं. “भिया, पैसे मत देना,” ते बसायच्या आधीच म्हणाले. “अपने यहाँ ग्राहक आधा किलो चख के पाव किलो लेता है। और ये बिना चखाए साल भर का माँग रहे हैं?”

बाबांना हे एकदम पटलं. आमच्या घरात शेव चाखल्याशिवाय कधी आली नाही. बाबा तीन दुकानांतली चाखतात आणि चौथ्यातून घेतात. “बरोबर आहे. एक दाखवा म्हणावं. पसंत पडली तर वर्षाचं घेऊ.”

“बाबा, ती शेव नाहीये.”

“म्हणून तर अजूनच चाखायला… मतलब, बघायला पाहिजे. त्यांच्या मॅनेजरला लिही.”

साइटवर मदतीची एक खिडकी होती. बाबांनी सांगितलं, मी लिहिलं, ‘पहले एक दिखाइए.’ तत्काळ उत्तर आलं, ‘मैं आपकी बात समझ सकती हूँ. क्या आप प्रीमियम लेना चाहेंगे?’ बाबांनी लिहायला लावलं, ‘आम्ही जुने इंदूरचे आहोत, तीन पिढ्या नोकरीत, बुडवणाऱ्यांपैकी नाही.’ उत्तर आलं, ‘मैं आपकी बात समझ सकती हूँ.’

“किती नम्र मुलगी आहे,” आई म्हणाली. “हिचं लग्न झालंय का विचार.”

“आई, ते मशीन आहे.”

“तरी विचार.”

यात दुसरा ओटीपी आला आणि मेला. सव्वाअकरा वाजले होते. माझ्या तळहातांना इतका घाम आला की फोन माझं बोटच ओळखेना. मी बाबांना हात जोडले. “बाबा, फक्त आकडा सांगा. बाकी काही वाचू नका.”

“पण आधी ठरव ना. पैसे भरण्यासारखं आहे की नाही?”

“बाबा, कोणीतरी मला विचारलंय काहीतरी. पाच महिन्यांत पहिल्यांदा. मला बस वाचायचंय.”

आई खिडक्या मोजायची थांबली. भंडारी भियासुद्धा म्हणाले, “अरे, तो भर दो यार.” मग बाबांनी चष्मा पुसला, गॅलरीत गेले (त्यांच्या फोनला घरात नेटवर्क येत नाही) आणि तिसरा आकडा अगदी हळू सांगितला. म्हणजे फक्त आमच्या आणि समोरच्या इमारतीला ऐकू जाईल एवढाच. मी घाईघाईने टाकला. शेवटून दुसरा अंक चुकला, आणि तेही बाबांनी गॅलरीतूनच मोठ्याने जाहीर केलं. बँकेने कळवलं की संशयास्पद व्यवहारामुळे कार्ड चोवीस तास बंद केलं आहे.

संशयास्पद. बँकेलासुद्धा वाटलं की हे माझ्याबाबतीत शक्य नाही.

आम्ही चौघं सोफ्यावर बसून राहिलो. बाराला तो धूसर डाग गेला. आईने न विचारता चहा ठेवला. बाबा म्हणाले, “उद्या बँकेत जाऊ. सही करतो मी.” वीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी ‘का’ विचारलं नाही, आणि मला आणखीच वाईट वाटलं.

मग आठवलं, की माझी स्कूटर ठेल्यापाशीच राहिली आहे. खाली गेलो. ठेलेवाला परात धूत होता. स्कूटरला टेकून एक बाई उभी होती, पस्तिशीतली, हातात मेथीची जुडी.

“शेवटून दुसरा सहा होता,” ती म्हणाली. “तुम्ही काय टाकलात?”

मी खिशात स्कूटरची किल्ली शोधायला लागलो.

“मी समोर दुसऱ्या मजल्यावर राहते. मेधा. नाशिकची, इथे कॉलेजात शिकवते. निरोप माझाच होता. एवढंच विचारलं होतं, तुम्ही खरंच रोज धावता का? कारण माझ्या खिडकीतून तुम्ही रोज तुमच्या फाटकापासून या ठेल्यापर्यंत स्कूटरवर येताना दिसता. नव्वद पावलं आहेत. मी मोजलीत.”

“धावतो,” मी म्हणालो. “मतलब… पूर्वी. मतलब, विचार आहे.”

“तुमच्याकडे एका वाक्यात किती ‘मतलब’ असतात हो?”

मी वर बघितलं. आमच्या गॅलरीत आई, बाबा आणि भंडारी भिया ओळीने उभे होते. कोणीही काहीही ओरडत नव्हतं. हे त्या गॅलरीच्या इतिहासात पहिल्यांदा घडत होतं.

त्यानंतर चार रविवार आम्ही त्याच ठेल्यावर भेटलो. मी चालत जातो. चौथ्या रविवारी जरा छाती फुगवून, जिलेबीचा तुकडा मोडत, मी म्हणालो, “बघ, एक रुपया न भरता जमलं. त्या साइटला पैसे भरणारा माणूस किती मूर्ख असेल, नाही?”

मेधाने पोह्यांवर आणखी थोडी शेव घेतली.

“मी वर्षाचे भरलेत,” ती म्हणाली. “अजून सात महिने शिल्लक आहेत.”