तोफबाईंची कवायत

दप्तरखान्यात तिला तोंडावर बाई म्हणत आणि पाठीमागे तोफ. तिला हे ठाऊक नव्हतं असं नाही. एकदा जिन्यात कुणीतरी कुजबुजलं, "तोफ आली रे!" तर ही वरच्या पायरीवरून गरजली, "भरलेली आली की रिकामी, तेही सांग!" त्या दिवसापासून आडपडदाच गेला. ती तोफबाई झाली.

काम मात्र नाजूक हातांचं. भिजलेले, करपलेले, वाळवीने चाळण केलेले कागद ती दुरुस्त करायची. कागदाशी बोलताना लोण्यासारखी, माणसांशी बोलताना करवतीसारखी. लग्न केलं नाही. बाप लवकर गेला, मग आईच्या बरोबरीने हिनेच धाकट्या भावाला वाढवलं. त्याचं नाक पुसलं, अभ्यास घेतला, कानफटातही तिनेच दिल्या. तो मोठा होऊन मालट्रक चालवायला लागला आणि टेकडीवरच्या वस्तीत घर बांधून आईला तिकडे घेऊन गेला. ही शहरात खोली करून राहिली. सुट्टीच्या दिवशी टेकडी चढायची, आईच्या हातचं खायची, भावाशी कडाकडा भांडायची आणि उतरताना त्याच्याच मुलांचे मुके घ्यायची.

ती इतकी तिखट का, याला कारण होतं. उमेदवारीच्या दिवसांत एका जुन्या कचेरीत तिने आग पाहिली होती. तळघराचं दार लावून आत आग विझवणारा गॅस सोडलेला. हा गॅस आतली हवाच खातो. आग गुदमरते, आणि आत माणूस असला तर तोही. दार लागल्यावर एका कारकुनाला कळलं की आपला मित्र आत राहिला. त्याने दार उघडलं. आग उसळून बाहेर आली, मागोमाग गॅसचा लोट आला. मित्र तर गेलाच, कारकूनही गेला, आणि बोळात उभे होते तेही पटापट आडवे झाले. ही जिन्यावर होती म्हणून वाचली. पुढे दप्तरखान्यांत आणि संग्रहालयांत काम करणाऱ्या लोकांसाठी कार्यशाळा घ्यायचं काम तिच्याकडे आलं, तेव्हा तिने ही आग उरावर घेऊनच शिकवलं.

आणि शिकवायची कसली, अक्षरशः झोडपायची! इतर तज्ज्ञ येत, पडद्यावर चित्रं दाखवत, चहा पिऊन जात. ही लोकांना तळघरात नेऊन पळवायची. भोंगा वाजला की पळत या, आत हाक मारा, दार लावा, बटण दाबा, आणि दारापुढे उभे राहा. अग्निशमनवाले येईपर्यंत दार उघडायचं नाही. "कुणीतरी वेडापिसा होऊन धावत येणारच," ती सांगायची. "माझं माणूस आत आहे म्हणून रडेल, पाया पडेल, चावेल. त्याला पाडा आणि छातीवर बसा. दया आली तर मेलात. तुम्हीही, तोही."

नुसतं सांगून थांबेल ती तोफ कसली? कवायतीत ती स्वतःच केस सोडून धावत यायची. "सोडा रे, माझी पोर आत आहे!" असा टाहो फोडायची की ऐकणाऱ्याच्या काळजाचं पाणी व्हावं. पोर कुठली नि काय! पण लोक फसायचे.

या खेपेला लहानशा संग्रहालयातून आलेली एक मुलगी फसली. किडकिडीत, कुणी मोठ्याने बोललं तरी दचकणारी. तोफबाईने पहिल्याच दिवशी तिचं नाव उंदीर ठेवलं आणि वर म्हणाली, "आमच्या धंद्यात उंदराला जागा नसते, माहितीय ना?" कवायतीत बाईचा टाहो ऐकून उंदराने तिचा हात सोडला. तोफबाई उठली आणि सगळ्यांदेखत तिला एक सणसणीत ठेवून दिली.

"मेलीस तू! मी मेले, हे मागचे सगळे मेले! रडतेस काय? पुन्हा कर!"

पुन्हा केलं. पुन्हा पुन्हा केलं. हातात घड्याळ घेऊन बाई ओरडत होती, "लवकर! अजून लवकर! गोगलगायी आहात की काय?" उंदीर हट्टाला पेटली. गुडघे फुटले, तरी पळत राहिली. शेवटी शेवटी तर सगळ्यांत आधी दारापाशी तीच. या घाईत एक गोष्ट मात्र निसटली. तळघर कवायतीला नेहमीच रिकामं. रिकाम्या खोलीला हाक काय मारायची? आधी हाक पुटपुटण्यावर आली, मग तीही गेली. तोफबाईच्या हे लक्षात आलं नाही असं कसं म्हणावं? पण घड्याळाचा काटा तिच्या मनासारखा थांबत होता, आणि ती गप्प बसली.

तेव्हा शहर आधीच धुमसत होतं. टेकडीवरची वस्ती उठवायची की नाही, याचा खटला चालू होता आणि न्यायालयाने जुने नकाशे मागवले होते. नकाशे तोफबाईच्या तळघरात. ते कुणाच्या बाजूचे, हे तिने कधी पाहिलंच नव्हतं. तिचं काम कागद जगवायचं. भावाने मात्र डोक्यात घेतलं होतं की कागद राहिले तर घर जाणार.

"ताई, तुझ्या हातात किल्ल्या आहेत," तो मागच्या सुट्टीला म्हणाला होता. "एक काडी ओढ. तुझं काय जातं?"

"माझं काय जातं? अरे, लाज वाटत नाही तुला? उद्या कुणी म्हणेल, एक सुरा मार, तुझं काय जातं!"

"मग मी येईन. आडवी आलीस तर तुलाही बघून घेईन."

"ये की! तंगडं मोडून हातात देते."

आई मध्ये पडली म्हणून ते तिथंच थांबलं.

कार्यशाळेच्या शेवटच्या दिवशी, कवायतीसाठी तळघर उघडंच ठेवून, जेवणं उरकून लोक वरच्या दालनात बसले होते, आणि रस्त्यावरून वस्तीवाल्यांच्या आरोळ्या आल्या. पाहता पाहता फाटक पडलं. पहारेकऱ्याला जमावाने फरपटत नेलं, त्याचं डोकं खांबावर आपटल्याचा आवाज वरपर्यंत ऐकू आला. काचा फुटल्या. टेबलं उलटली. पोथ्यांच्या कपाटावर कुऱ्हाडी पडू लागल्या. तोफबाईने शिकणाऱ्यांना मागच्या जिन्याने तळघराच्या बोळाकडे पिटाळलं आणि आपण खुर्ची उचलून दालनाच्या दारात उभी राहिली. पहिल्याच्या तोंडावर तिने खुर्ची घातली. त्याचे दात पडले. दुसऱ्याने तिच्या खांद्यावर लोखंडी गज हाणला, तेव्हा तो हात जो लोंबकळला तो लोंबकळलाच. तरी ती दुसऱ्या हाताने ओरबाडत होती, आईबापांवरून शिव्या देत होती.

तेवढ्यात तिला तो दिसला. हातात पेट्रोलचा डबा, मागे दोघे, आणि थेट तळघराच्या जिन्याकडे. कुठून जायचं हे त्याला कुणी सांगायला नको होतं. लहानपणी हिच्याच जेवणाचा डबा घेऊन तो तिथं यायचा.

ती धावली. जिन्याच्या वळणावर तिने त्याची मान मागून धरली.

"मागे फिर! मागे फिर मेल्या, खाली जाऊ नकोस!"

"सोड ताई!"

"खाली मरशील रे!"

त्याला ती धमकी वाटली. त्याने कोपर मागे मारलं, ते तिच्या तोंडावर बसलं. तरी पकड सुटेना, तेव्हा त्याने तिला दोन्ही हातांनी भिंतीवर आदळलं. तिचं डोकं कठड्यावर आपटलं आणि ती पायऱ्यांवर कोसळली. तो क्षणभर थबकला. "ताई?" म्हणाला. मग खालून त्याच्या माणसांनी हाक दिली आणि तो गेला.

डोळ्यांपुढची अंधारी सरली तेव्हा भोंगा वाजत होता.

खाली काय झालं ते नंतर कळलं. तळघरात धूर होताच भोंगा आपोआप सुरू झाला. त्या आवाजाने भावाचे दोघे साथीदार घाबरून पळत बाहेर आले. भाऊ शेवटच्या रांगेत डबा रिकामा करत होता. बोळाच्या टोकाला बसलेली उंदीर उठली, पळाली, तिने दार लावलं आणि बटण दाबलं. दोघे बाहेर पडलेले तिने पाहिले होते, आत किती शिरले ते गोंधळात दिसलं नव्हतं. आत हाक मारली नाही. कवायतीत हाक उरलीच कुठे होती?

तोफबाई भिंत धरत बोळात आली. दार बंद. वरचा लाल दिवा लागलेला. आतून धडका येत होत्या, आणि दाराला कान न लावताही ओळखू यावा असा तो आवाज येत होता. दाराला आतून ढकलायची दांडी होती, पण धुरात गुदमरणाऱ्याला ती सापडते थोडीच!

तिने दाराकडे झेप घेतली. उंदीर आडवी आली.

"बाजूला हो! माझा भाऊ आहे आत! अगं, माझा सख्खा भाऊ आहे!"

उंदराने तिच्या कमरेला मिठी घातली आणि तिला खाली पाडलं. बाकीचे धावले. एक हातावर बसला, दोघे पायांवर, आणि ती किडकिडीत पोरगी छातीवर बसली. तोफबाईने तिच्या नाकावर डोकं हाणलं. रक्ताची धार लागली, हिच्याच तोंडात उडाली. बाईने पोरीच्या मनगटाचा लचका तोडला. मग गयावया करायला लागली. "बाई गं, पाया पडते, या वेळी खरं आहे गं!" म्हणाली. पोरगी हमसून हमसून रडत होती, पण हलली नाही.

"खरं असलं तरी नाही, बाई," ती म्हणाली. "तुम्हीच मराल. हे सगळे मरतील."

आतल्या धडका मंदावल्या, मग थांबल्या.

अग्निशमनवाल्यांनी प्राणवायूचे मुखवटे चढवून दार उघडलं. तो उंबऱ्याशीच पडला होता, नखं तुटलेली. कागद बहुतेक सगळे शाबूत होते. दांडगाई करणारे पांगले, पण जाताना रस्त्यावर शपथ घेऊन गेले, की ज्याने बटण दाबलं त्याचे तुकडे करू. फौजदार बोळात उभा राहून विचारत होता, "दार कुणी लावलं?" उंदीर रुमालाने नाक दाबून पुढे यायला निघाली. तोंड उघडणार, एवढ्यात तोफबाई कण्हत उठून बसली.

"मी," ती म्हणाली. "दार मी लावलं, बटण मी दाबलं. या पोरांना काय कळतंय? यांना मी मागच्या जिन्याने बाहेर काढत होते."

"बाई, पण..." पोरगी म्हणाली.

"तू गप्प बस! विचारलं कुणी तुला?"

त्या बोळातल्या कुणाची छाती होती तोफेपुढे बोलायची? फौजदाराने लिहून घेतलं. मुलगी रडत रडत आपल्या गावी परत गेली.

दुसऱ्या दिवशी हात गळ्यात बांधून तोफबाई टेकडी चढली. वस्तीतले लोक दगड उचलून उभे होते, पण आई अंगणात दिसल्यावर कुणी मारला नाही. भावजय आतून किंचाळली. मुलं दारामागे लपली.

आई जवळ आली. पाठीने वाकलेली, पण नजर सरळ.

"लोक म्हणतात ते मी मानलं नाही," आई म्हणाली. "तू सांग. तू दाबलंस?"

खरं सांगायला तिची जीभ वळवळली. आईला तरी सांगावं. पण आईच्या मागे भावाचे साथीदार उभे होते, कान टवकारून, आणि आईच्या पोटात काही राहिलं असतं असं नव्हे.

"हो," ती म्हणाली.

"तो आत आहे हे माहीत होतं?"

"हो, आई."

आईने हात उगारला आणि तिच्या तोंडात मारली. मग दुसरी मारली. मग दोन्ही हातांनी मारायला लागली, तोंडावर, डोक्यावर, मोडक्या खांद्यावर, आणि प्रत्येक फटक्याला लेकाचं नाव घेत होती. तोफबाईने हात आडवा केला नाही. आई दमून खाली बसेपर्यंत ती तिथंच उभी राहिली.